घर इथे होतं

चर्च उद्या बघू, यास्ना.
दीडशे वर्षं ते तिथेच उभं आहे, लाकडी खिळ्यांवर,
आणि किल्ली जिच्याकडे असते त्या बाईची आज दाढ दुखतेय.
आधी होडीत बस.
ओहोटीच्या आत पोचायला हवं, नाहीतर
तुझे ते खाणीतले जाड बूट हातात धरून
गुडघाभर चिखल तुडवावा लागेल.

होडी एलेउतेरियोमामाची. तो बोलत नाही.
त्याला काही विचारू नकोस, बिस्किट दे फक्त.
उजवीकडे पाण्यावर ती काळी कडी दिसतात ना,
ते सॅमनचे पिंजरे. सात वर्षं मी त्यांच्या कारखान्यात
पांढरी टोपी घालून चिमट्याने काटे उपटले.
मासा आमच्या समुद्रातला नव्हेच,
पाहुणा, तुझ्यासारखा.
त्याला परत जाऊ देत नाहीत, एवढाच फरक.

उतर. दगड निसरडे आहेत.
हे बघ, हे आमचं घर.

तू हसतेस. बरोबर आहे तुझं.
गवतात बारा खुंट, बाकी काटेरी जाळी.
पण हा स्वयंपाकघराचा कोपरा,
आणि इथे, माझ्या खांद्याच्या जरा वर, खिडकी.
तिच्यातून आई ‘एदुविनाsss’ म्हणून हाक मारायची
आणि मी ऐकलं न ऐकल्यासारखं करायची.

घर पाहावं बांधून, म्हणतात.
आमच्याकडे घर पाहावं ओढून.
मी नऊ वर्षांची होते.
शाळा पलीकडे, रस्ता पलीकडे, दवाखाना पलीकडे,
तेव्हा आई म्हणाली, आपणही पलीकडे,
आणि भिंती मागे का ठेवायच्या?
सगळं बेट आलं. चौदा बैलजोड्या,
घराखाली ओंडके, दोर, शिव्या, देवाचं नाव.
मजुरी कुणीच घेतली नाही.
मटण, बटाटे, सफरचंदाची दारू,
आणि पुढच्या वेळी तुम्ही यायचं,
एवढाच करार.
भरती आली तसं घर पाण्यात शिरलं,
गाभण म्हशीसारखं, सावकाश.
चार होड्यांनी ते खाडीपार नेलं.
मांजर आतच राहिलं होतं.
खिडकीत बसून ते समुद्र ओलांडून गेलं
आणि नंतर आठ दिवस कुणाच्या अंगाला घासलं नाही.

रात्री, त्याच घरात, चुलीपाशी
मी तुला भिंतीवरची रेघ दाखवली,
समुद्र जिथवर आत आला होता ती, गुडघ्याएवढी.
तीनदा रंग दिला, तरी ती वर येतेच.
तू तिच्यावरून बोट फिरवलंस,
आणि बोट चाटलंस.

मग म्हणालीस, आमचं उलटं झालं.
खाण पसरत पसरत अंगणापर्यंत आली.
कंपनीने ट्रक पाठवले.
माणसं, फ्रीज, बाबांचा फुटबॉलचा चषक,
सगळं कलामाला नेलं.
घर राहिलं.
शाळेवर खाणीचा राडारोडा ओतत गेले,
आता तिथे डोंगर आहे.
कुणी पाहुणा आला की मी त्या डोंगराकडे बोट दाखवते
आणि म्हणते, आत.

चूल धुमसत होती.
मला काही सुचेना.
मामाने त्या दिवसात पहिल्यांदा तोंड उघडलं:
बटाटे उरलेत का?

सकाळी चर्च बंदच.
बाई दाढ काढायला कास्त्रोला गेलेली.
तू दाराच्या फटीला डोळा लावून
बराच वेळ उभी राहिलीस. काय दिसलं विचारलं
तर म्हणालीस, निळं काहीतरी.

बस सुटताना खिडकीची काच सरकवून
तू ओरडून सांगितलंस,
खुंट अकराच आहेत, मी मोजले.

तीस वर्षं मी बारा सांगत आलेय.
भरती कधी आहे आज, मामा?